पट्टी न लावता बसवलेला टायर

सायकलच्या टायरच्या कडेला आकडे लिहिलेले असतात. ते वाचा. मला सांगायचं आहे ते एवढंच आणि खरं तर मी इथेच थांबायला हवं. पण संपादकांना किस्से हवेत. "तीस वर्षांत एकेक काय गिऱ्हाईक आलं असेल तुमच्याकडे!" असं ते फोनवर हसत हसत म्हणाले. आलं ना, एकेक आलं. त्यातल्या निम्म्यांची आठवण झाली तरी अजून माझं डोकं सणकतं. एका आठवणीने ते माझ्या स्वतःवरच सणकतं. ती शेवटी सांगतो, आधी बाकीच्यांना धुऊन घेतो.

नाशिक रोडला जेल रोडच्या कडेला माझं सायकलचं दुकान होतं. मागे दोन खोल्यांचं घर. मधे एक भिंत, त्यामुळे दुकानात मी काय बोललो ते सगळं सुमनला, म्हणजे माझ्या बायकोला, ऐकू जायचं. लग्नाला पाच वर्षं झाली तेव्हाच ती मला म्हणाली होती, "तुमचं बरोबर असतं तेव्हा तुम्ही नुसते कुरकुरता. चुकतं तेव्हा ओरडता. मला पोळ्या लाटता लाटता कळतं." मी अर्थातच ओरडलो.

नव्वदच्या दशकात आमचा धंदा सरळ होता. नोटा छापणाऱ्या सरकारी प्रेसचा भोंगा वाजला की गेटातून काळ्या सायकलींचा लोंढा बाहेर पडायचा. सगळ्या एका जातीच्या, उंच, वजनदार, मागे कॅरिअर आणि त्याला डबा. टायर दोनच मापांचे. अठ्ठावीस, नाहीतर पोरासोरांच्या सायकलीचा सव्वीस. गिऱ्हाईक लांबून येताना दिसलं की मी माप ओळखायचो. टायरवरचा आकडा कुणी वाचत नव्हतं. मीही नाही. कशाला वाचायचा?

आमच्यात मान होता तो हाताला. टायर रिमवर चढवताना शेवटचा वीतभर भाग घट्ट होतो आणि आत जायचं नाव घेत नाही. तिथे नवशिका लोखंडी पट्टी घालून उचकटतो, आणि दहातल्या तीन वेळा आतली ट्यूब चिमटून भोक पाडतो. जो नुसत्या अंगठ्यांनी टायर आत ढकलतो तो कारागीर. मी पट्टी वापरत नव्हतो. लोक बघायला थांबायचे. बाकावर प्रेसमधून निवृत्त झालेले दोघे जण रोज पेपर वाचत बसायचे, ते येणाऱ्याला सांगायचे, "यांच्या हाताने टायर कसा बसतो बघा, पट्टी लागत नाही." मी ऐकलं नाहीसं दाखवायचो, पण छाती फुगायची.

मग दोन हजार साल उलटलं. प्रेसचे लोक मोटरसायकलवर गेले, काळ्या सायकली भंगारात गेल्या आणि पाचसहा वर्षांनी हायब्रीड आली.

हायब्रीड म्हणजे काय ते माहीत नसेल तर सांगतो. एक असते शर्यतीची सायकल, बारीक टायरची, पाठीचं धनुष्य करून चालवायची. दुसरी डोंगराची, जाड गाठींच्या टायरची, खडकावरून न्यायची. हायब्रीड या दोघींच्या मधली. चाक शर्यतीच्या सायकलीसारखं मोठं, पण टायर जरा रुंद, बसणं ताठ. रोज आठदहा किलोमीटर कामावर जाणाऱ्या माणसासाठी याहून शहाणी सायकल नाही. आणि घेत कोण होतं? ज्यांना दहा पावलंही कुठे जायचं नव्हतं ते!

गंगापूर रोडचे एक बिल्डर आले. गोरे, टीशर्ट, मनगटात घड्याळ एवढं मोठं. म्हणाले, "याला ते गाठी गाठीचे टायर टाका. दणकट दिसलं पाहिजे." मी विचारलं, "डोंगरावर जाता?" "नाही हो, सकाळी रस्त्यावरच एक राउंड." मी सांगितलं, डांबरावर गाठींचा टायर मधमाश्यांसारखा घूं घूं करतो, सायकल जड होते, पाय भरून येतात. तुम्हाला मधे गुळगुळीत आणि कडेला थोडी नक्षी असलेला टायर हवा. ते म्हणाले, "मास्तर, सायकल माझी आहे." टाकले. आठ दिवसांनी परत आले. "काहीतरी आवाज येतो. आणि जड जाते. तुम्ही ग्रीस नीट भरलं नाही." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ग्रीस! मी तीच सायकल त्यांच्या समोर उलटी केली, चाक फिरवलं, एका बोटाने ते मिनिटभर फिरत राहिलं. "हे ग्रीस. आणि हा आवाज तुमच्या दणकटपणाचा," म्हणालो. परत आले नाहीत. न येवोत.

दुसरे पिंपळगाव बसवंतचे, द्राक्षांचे व्यापारी. डॉक्टरने सांगितलं साखर वाढलीय, सायकल चालवा. त्यांनी हायब्रीडला दोन आरसे, मोटारीसारखा हॉर्न, वेग दाखवणारं यंत्र, पाण्याच्या बाटल्यांच्या दोन जाळ्या आणि हँडलला झिरमिळ्या लावल्या. झिरमिळ्या, वयाच्या पन्नाशीला! आणि मडगार्ड तेवढे काढायला लावले, कारण त्याने 'लूक' जातो. मी हात जोडून सांगितलं, शेठ, बाकी सगळं काढा, मडगार्ड ठेवा. जुलैत ते माझ्या दुकानात उभे राहिले तेव्हा त्यांच्या पांढऱ्या शर्टावर कमरेपासून मानेपर्यंत चिखलाचा पट्टा होता आणि ते माझ्यावरच ओरडत होते. आतून सुमन हसत होती. मला ऐकू येत होतं.

हे सगळं वाचून तुम्हाला वाटेल, म्हातारा खवट आहे. आहेच. पण हायब्रीडला काय लावायचं हे मी फुकट सांगायचो, आजही सांगतो. आधी मडगार्ड. मग पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा. घंटी, ती साधी टिंग करणारी. कॅरिअर लावायचं तर फ्रेमला त्यासाठी भोकं आहेत का बघून, नाहीतर ते हलतं. स्टँड आवळताना सगळा जोर लावू नका, अॅल्युमिनियमची नळी चेपते. आणि सगळ्यात शेवटी टायर, जो सगळ्यात आधी बघायला हवा. आकडा वाचून.

आता तो आकडा.

सविता भोये पेठकडची. तिकडे डोंगरात वडिलांची भात-नागलीची शेती. ती जेल रोडला दोन मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहायची, सकाळी शिकवण्या घ्यायची आणि फौजदाराच्या परीक्षेचा अभ्यास करायची. लेखी पास झाली होती. आता मैदानी राहिली होती, धावणं, उडी, गोळाफेक. मैदान लांब, म्हणून सायकल. ती सायकल मात्र हायब्रीड. तिचा भाऊ पुण्यात एका कुटुंबाकडे गाडी चालवायचा. ते लोक परदेशी गेले, जाताना सायकल त्याला देऊन गेले, त्याने बहिणीला दिली. माझ्या सगळ्या हायब्रीडवाल्यांत ही एकटीच, जिला खरंच कुठेतरी पोचायचं होतं. सायकल स्वच्छ ठेवायची. मडगार्ड होते. दिवा होता. मला ती पोर आवडायची.

फेब्रुवारीत एकदा सकाळी ती सायकल ढकलत आली. पुढच्या टायरची कड काचेवरून जाऊन फाटली होती.

"काका, टायर बदलावा लागेल. तीन आठवड्यांनी मैदानी आहे, सायकल बंद ठेवता येणार नाही."

"अठ्ठावीस आहे," मी लांबूनच म्हणालो. "बस. दहा मिनिटांत देतो." आणि आतून अठ्ठावीसचा नवा टायर आणला. काळ्या सायकलीचा.

तिने फाटलेला टायर हातात घेतला होता. खाली बसून वाचत होती.

"काका, याच्यावर शेवटी सहाशे बावीस लिहिलंय. तुम्ही आणलाय त्याच्यावर सहाशे पस्तीस आहे."

"ते कंपनीचे आकडे असतात. आपल्याला काय करायचे?"

"पण मिलिमीटरच असेल ना? म्हणजे तेरा मिलिमीटर मोठा आहे तो. बोटभर होतो."

बाकावरच्या दोघांनी पेपर खाली केला. एक जण म्हणाला, "घ्या! आता फौजदार चौकशी करणार." दोघे हसले.

तेवढंच. मला कोणी शिवी दिली नव्हती, कोणी अपमान केला नव्हता. एक पोर टायरवरचं वाचून दाखवत होती आणि दोन म्हातारे हसले. आणि मी ओरडलो. काय ओरडलो ते मला शब्दन् शब्द आठवतं. "तू जन्मायच्या आधीपासून टायर बसवतोय मी! मला शिकवायचं नाही! पटत असेल तर थांब, नाहीतर उचल सायकल आणि जा पुण्याला, तिथे आकडे बघून बसवून देतील!"

ती उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसती घाई होती. सायकल लागणारच होती तिला.

"बसवा काका," ती म्हणाली.

बसवला. आणि टायर असा गेला, असा गेला, की शेवटचा वीतभर भाग कधी आत सरकला कळलंही नाही. अंगठा लावावा लागला नाही. मी रिम हातात धरून सगळ्यांना दाखवली. "बघितलंस? पट्टी लागली का? म्हणे बोटभर मोठा!" बाकावरचे म्हणाले, "हाताला तोड नाही."

आता तुम्हीच सांगा. टायर सैल होता म्हणून सहज गेला, हे कुठल्याही शेंबड्या पोराला कळलं असतं. मला कळलं नाही, कारण मला वाटलं तो माझा हात आहे. आयुष्यभर घट्ट टायर अंगठ्यांनी ढकलून जो मान मिळवला, त्यानेच माझे डोळे फोडले. हवा भरून चाक फिरवलं तेव्हा एका जागी टायर उचकी दिल्यासारखा वर यायचा. ते मी पाहिलं. आज शपथेवर सांगतो, पाहिलं. म्हणालो, "नवा आहे, चालून चालून बसेल," आणि हवा जरा कमी ठेवली.

पाचव्या दिवशी तिचे वडील आले. टोपी घातलेले, वाळलेले, दाढीचे खुंट वाढलेले. रिक्षातून सायकल आणली होती.

"पोरगी पडली," ते म्हणाले. "त्या रेल्वेच्या पुलावरून उतरत व्हती. खड्डा आला असंल. उजवा हात मोडला, मनगटात. पलास्टर घातलंय, दीड महिना. सायकल तेवढी नीट करून ठेवा, तिचा भाऊ चिडंल."

"मैदानी?" मी विचारलं.

"कसली मैदानी आता? गोळा काय डाव्या हातानं फेकंल? यंदा शेवटची बारी व्हती, वय संपलं तिचं." थोडं थांबून म्हणाले, "बघून नाय चालवत. किती वेळा सांगितलं."

मी सायकलीकडे बघितलं. पुढचा टायर रिमच्या बाहेर लोंबत होता. ट्यूब फाटून चिंधी झालेली. आणि रिम? रिम ताटासारखी गोल, एक चेप नाही, एक ओरखडा नाही. उतारावर खड्ड्यात चाक आपटून माणूस पडला तर रिम दबल्याशिवाय राहत नाही. तीस वर्षं मी दबलेल्या रिमा सरळ केल्यात. त्या क्षणी मला कळलं की पुलावर खड्डा नव्हता. खड्डा मी माझ्या दुकानात तयार करून तिला दिला होता.

आणि मी काय केलं? ओरडलो! रस्ते करणाऱ्यांवर, डांबर खाणाऱ्यांवर, सगळ्यांवर. "लोकांच्या जिवाशी खेळतात, यांना चौकात उभं केलं पाहिजे," असं पाव तास बोललो. बाकावरच्यांनी माना डोलवल्या. सविताच्या वडिलांनी डोळे पुसले, हात जोडले, "लय उपकार झाले, नीट ठेवा सायकल," म्हणाले आणि गेले. आतून सुमन दारात येऊन उभी राहिली. नुसती माझ्याकडे बघत होती, हाताला पीठ.

मी मुंबईच्या एका टायरवाल्याला फोन केला. सहाशे बावीस आणि सहाशे पस्तीस म्हटल्यावर तो हसायलाच लागला. म्हणाला, "शेठ, दोन्हींना लोक अठ्ठावीसच म्हणतात, पण एकाचा एकाला चालत नाही. हाताने सहज बसला की समजायचं, चुकीचा आहे." हे मला फोनवरून शिकवत होता तो, मला! मी फोन आपटला. त्याचं बरोबर होतं म्हणून आपटला.

सायकल भिंतीला टांगली. मार्च गेला, मैदानी होऊन गेली, पावसाळा गेला. रोज शटर वर केलं की समोर तीच. तिच्या खोलीवर जाऊन सांगावं असं रोज वाटायचं आणि रोज मी कुणावर तरी ओरडून दिवस काढायचो. त्या सात-आठ महिन्यांत माझी अर्धी गिऱ्हाइकं तुटली.

दिवाळीच्या आधी ती आली. बारीक झाली होती. हातात नवा टायर.

"भावाने पुण्याहून पाठवला," ती म्हणाली. "बसवून द्याल? माझ्या हातात अजून जोर येत नाही. वनखात्यात जागा निघाल्यात, तिथे माझं वय बसतं. पण बाबा म्हणतात, घरी ये. तुला साधी सायकल बघून चालवता येत नाही, तू जंगल काय सांभाळणार. रोज फोनवर हेच."

मी माफी मागायला हवी होती. शब्द तोंडात आले होते. आणि तोंडातून निघालं काय? "मग तेव्हाच हट्ट का नाही धरलास? नको म्हणायचं होतं! उचलायची होती सायकल!" दुकान दणाणलं.

"धरला होता काका," ती म्हणाली. "तुम्ही ओरडलात."

बाकावरच्या दोघांचे पेपर हलले नाहीत. भिंतीपलीकडे लाटणं थांबलं.

मी सायकल उतरवली. टायर चढवायला घेतला. शेवटचा वीतभर भाग आत जाईना. अंगठे लाल झाले, घाम आला, तो जागचा हलेना. नवा, घट्ट, बरोबर मापाचा. मी खण उघडला, तळाशी गंज चढलेली पट्टी होती ती काढली आणि सगळ्यांसमोर लावली. सविताने समोरून डाव्या हाताने टायर दाबून धरला. उजवा हातही तिने टेकवला होता, पण तो नुसता टेकलेलाच होता.

टायर बसला. मी रिमवरचा आकडा वाचला, मग टायरवरचा. कोणी सांगितलं नव्हतं, मीच वाचला.

"पुलावर खड्डा नव्हता," मी म्हणालो. इतक्या हळू की तिने "काय?" विचारलं.

"खड्डा नव्हता."

"माहीत आहे काका. मी त्या पुलावरून रोज जायचे." मग तिने मोबाइल काढला, एक नंबर लावला आणि माझ्यापुढे धरला. "मला नका सांगू. बाबांना सांगा. मी सांगितलं तर त्यांना वाटतं, बहाणा करते."

मी फोन कानाला लावला. पलीकडे वारा, कोंबड्या, कुणीतरी खोकलं. मी माझं नाव सांगितलं आणि म्हणालो, "अहो, ते सायकलचं... चूक माझ्याकडून झाली होती."

"ऐकू नाय येत!" ते तिकडून ओरडले. "रेंज नाय इथं! मोठ्यानं बोला!"

सगळी उमर मी चुकलो की ओरडलो, ती चूक झाकायला. त्या दिवशी पहिल्यांदा चूक सांगायला ओरडलो. रस्त्यावरचे लोक थांबले. बाकावरच्यांनी पेपर खाली ठेवले. सुमन दारात आली.

"खड्डा नव्हता!" मी ओरडलो. "टायर मी चुकीचा बसवला! पोरीने आधीच सांगितलं होतं! आकडा वाचून सांगितलं होतं! मी ऐकलं नाही!"

पलीकडे त्यांनी कुणाला तरी कोंबड्या हाकलायला सांगितलं.

"तिनं वाचून सांगितलं व्हतं?" त्यांनी विचारलं.

"हो!"

"मग तिच्याकडं द्या फोन," ते म्हणाले.